सभागृहाबाहेरचे प्रतिनिधित्व : अनसूयाबाई काळे आणि चिमूर-आष्टी प्रकरण

१

लोकप्रतिनिधीच्या कार्याचे मोजमाप सामान्यतः सभागृहाच्या कार्यवृत्तावरून करण्यात येते. त्याने किती प्रश्न विचारले, कोणती विधेयके मांडली, कोणत्या पदावर किती वर्षे काढली, यांची नोंद दप्तरी सापडते आणि चरित्रकारही बहुधा तेवढ्यावर समाधान मानतो. ज्या काळात सभागृह नियमाने भरत होते, त्या काळापुरते हे माप पुरेसे आहे. परंतु ज्या काळात सभागृहाचे दरवाजेच बंद झाले होते, त्या काळातील लोकप्रतिनिधीला कोणते माप लावावयाचे, हा प्रश्न नागपूरच्या राजकीय इतिहासात विशेष तीव्रतेने उभा राहतो. नोव्हेंबर १९३९ पासून एप्रिल १९४६ पर्यंत मध्यप्रांत व वऱ्हाडात लोकनियुक्त मंत्रिमंडळ नव्हते. १९३५ च्या कायद्यातील ९३ व्या कलमान्वये प्रांताचा सर्व कारभार गव्हर्नरच्या हाती एकवटलेला होता. याच काळात, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, चिमूर व आष्टी येथील घटना घडल्या.

या प्रकरणाच्या अखेरच्या पर्वात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपींच्या बचावासाठी ज्यांनी प्रामुख्याने परिश्रम घेतले, त्यांत अनसूयाबाई पुरुषोत्तम काळे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९३७ साली निवडून आलेल्या मध्यप्रांत कायदेमंडळाच्या त्या उपसभापती होत्या. पुढे १९५२ व १९५७ साली नागपूरने त्यांना लोकसभेवर पाठविले. तथापि, त्यांच्या लोकसेवेचे मर्म या पदांच्या यादीपेक्षा, सभागृह अस्तित्वात नसताना त्यांनी सभागृहाचे काम कसे केले यात आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या कार्याचा विचार याच दृष्टीने केला आहे.

२

अनसूयाबाईंचा जन्म १८९६ सालचा. त्यांचे शिक्षण पुणे व बडोदे येथे झाले. विवाहानंतर नागपूर ही त्यांची कर्मभूमी झाली. त्या सार्वजनिक जीवनात आल्या तो काळ या शहराच्या दृष्टीने संक्रमणाचा होता. १९१४ साली मध्यप्रांताला स्वतःचे कायदेकौन्सिल मिळाले. डिसेंबर १९२० मध्ये नागपुरास राष्ट्रसभेचे अधिवेशन भरून असहकाराच्या ठरावावर तेथे शिक्कामोर्तब झाले. याच सुमारास अनसूयाबाईंनी नागपुरात भगिनी मंडळाची स्थापना केली. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालविलेल्या अशा संस्था त्या काळी वरवर पाहता समाजसुधारणेच्या कक्षेत मोडत असत. परंतु सभा भरविणे, वर्गणी गोळा करणे, ठराव करणे आणि अधिकाऱ्यांकडे अर्ज-विनंत्या नेणे, हे सार्वजनिक कार्याचे प्राथमिक शिक्षण अनेक स्त्रियांना अशा मंडळांतूनच मिळाले. या शिक्षणाचे महत्त्व पुढे चिमूर प्रकरणाच्या वेळी दिसून येईल.

१९१९ च्या सुधारणांनी स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांच्या मर्जीवर सोपविला होता. मद्रास व मुंबई या प्रांतांनी १९२१ मध्येच तो निकालात काढला. मध्यप्रांतात त्यास आणखी काही वर्षे लागली. येथील कायदेकौन्सिल त्या दरम्यान निराळ्याच संघर्षात गुंतले होते. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला येथे स्पष्ट बहुमत मिळाले आणि १९२४ साली कौन्सिलने मंत्र्यांचे वार्षिक वेतन दोन रुपयांवर आणून द्विदल राज्यपद्धतीचा कारभार थांबविला. सभागृहात शिरून सभागृहाचे काम बंद पाडावयाचे, हा प्रयोग जितक्या परिणामकारकतेने नागपुरास झाला, तितका फार थोड्या प्रांतांत झाला. पुढे स्वराज्य पक्षात फूट पडली, मंत्रिपदे स्वीकारावीत असे मानणारा गट वेगळा झाला आणि पद घ्यावे की सोडावे हा वाद नागपूर-वऱ्हाडच्या राजकारणाचा स्थायीभावच होऊन बसला.

अशा वातावरणात १९२८ साली अनसूयाबाई कायदेकौन्सिलच्या सभासद झाल्या. या प्रांताच्या कायदेमंडळात प्रवेश करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. परंतु ही जागा त्यांनी दोनच वर्षे भूषविली. १९३० साली सविनय कायदेभंगास प्रारंभ होताच त्यांनी सभासदत्वाचा त्याग केला आणि चळवळीत उडी घेतली. त्याबद्दल त्यांना तुरुंगवासही सोसावा लागला. या त्यागाशी मद्रासमधील एका घटनेचे साम्य लक्षणीय आहे. तेथील कायदेकौन्सिलच्या उपाध्यक्ष डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनीही त्याच वर्षी गांधीजींच्या अटकेच्या निषेधार्थ आपल्या जागेचा राजीनामा दिला. स्त्रियांना कायदेमंडळात मिळालेला प्रवेश इतका नवा आणि इतक्या कष्टाने मिळविलेला होता, की तो स्वहस्ते सोडणे ही साधी गोष्ट नव्हती. स्त्रीवर्गाच्या हिताचे कायदे करून घेण्याचे साधन हातचे जाईल, असे वाटणाऱ्या कार्यकर्त्या तेव्हाही होत्या, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी अनाठायी होते असेही म्हणता येत नाही. अनसूयाबाईंच्या निर्णयाचे मोल ठरविताना ही किंमत विसरून चालणार नाही.

मध्यप्रांताला समुद्रकिनारा नाही. त्यामुळे मिठाच्या सत्याग्रहाचे येथील स्वरूप पुष्कळ अंशी प्रतीकात्मक राहिले. चळवळीला खरा जोर आला तो जंगल सत्याग्रहामुळे. जुलै १९३० मध्ये लोकनायक अणे यांनी पुसद येथे गवत कापून जंगलचा कायदा मोडला आणि वऱ्हाड-मध्यप्रांतात त्याचे लोण पसरले. शहरातील सुशिक्षितांच्या चळवळीची खेड्यातील शेतकऱ्यांशी व वनवासी समाजाशी गाठ पडली ती या सत्याग्रहात. चिमूर-आष्टीची पार्श्वभूमी समजून घेताना बारा वर्षांपूर्वीची ही गाठ ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

३

१९३५ च्या कायद्याने मध्यप्रांत व वऱ्हाडाला ११२ सभासदांचे एकगृही कायदेमंडळ मिळाले. त्यात स्त्रियांसाठी अवघ्या ३ जागा राखून ठेवलेल्या होत्या. १९३७ च्या निवडणुकीत राष्ट्रसभेस बहुमत प्राप्त झाले. जुलैमध्ये डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, घनश्यामसिंह गुप्त सभापती झाले आणि उपसभापतिपदी अनसूयाबाई काळे यांची निवड झाली. त्याच महिन्यात मद्रास कायदेमंडळानेही रुक्मिणी लक्ष्मीपती यांना उपसभापती निवडले होते. ज्या दोन प्रांतांत १९३० साली स्त्री सभासदांनी आपल्या जागा सोडल्या, त्याच दोन प्रांतांत सात वर्षांनी स्त्री उपसभापती झाली, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

या कायदेमंडळाचे आयुष्य प्रत्यक्षात सव्वादोन वर्षांचेच ठरले. तेवढ्या काळातही त्याच्यासमोर महत्त्वाचे विषय आले. १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला, १९३९ साली कर्जनिवारणाचा कायदा झाला, आणि १ ऑक्टोबर १९३८ रोजी बॅ. रामराव देशमुख यांनी मांडलेला स्वतंत्र विदर्भाचा ठराव संमत झाला. मध्यंतरी जुलै १९३८ मध्ये खरे मंत्रिमंडळाचा पेचप्रसंग उद्भवून पं. रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री झाले. नागपूर व महाकोशल या दोन भाषिक विभागांतील तेढ त्या प्रसंगी उघडी पडली. अशा सभागृहात पीठासनावर बसणाऱ्या व्यक्तीला पक्षनिष्ठा बाजूला ठेवून नियमांचा अर्थ लावावा लागतो, प्रत्येक सभासदाला बोलण्याची संधी द्यावी लागते आणि शासनाला उत्तर देण्यास भाग पाडण्याचा सभागृहाचा हक्क राखावा लागतो. उपसभापतिपद हे या शिस्तीचे शिक्षण होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये हिंदुस्थानच्या लोकप्रतिनिधींना न विचारता देश महायुद्धात ओढला गेला. त्याच्या निषेधार्थ नोव्हेंबरमध्ये राष्ट्रसभेच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मध्यप्रांतात ९३ वे कलम लागू झाले. सभासदांची नावे यादीत राहिली, परंतु सभागृह भरणे थांबले. या घटनेचा एक परिणाम त्या वेळी फारसा कोणाच्या लक्षात आला नव्हता. प्रांतात पोलिसांनी वा लष्कराने काही केले, तर त्याबद्दल उभे राहून प्रश्न विचारण्याची अधिकृत जागाच उरली नव्हती.

४

१६ ऑगस्ट १९४२ हा नागपंचमीचा दिवस होता. गांधीजी व अन्य नेते यांच्या अटकेला आठवडा झाला होता. चांदा जिल्ह्यातील चिमूर या गावी निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यात बालाजी रायपूरकर हा सोळा वर्षांचा मुलगा बळी पडला. खवळलेल्या जमावाने उपविभागीय दंडाधिकारी व नायब तहसीलदार यांच्यासह चार सरकारी नोकरांना ठार केले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार होऊन सहा जणांना मृत्यू आला, आणि जमावाच्या हातून फौजदारासह पाच पोलीस मारले गेले. दोन्ही गावांत तत्पूर्वी तुकडोजी महाराजांची भजने झाली होती. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनाही अटक करण्यात आली.

यानंतर चिमुरात लष्कर दाखल झाले. पुरुषांची सरसकट धरपकड झाली, आणि गावातील स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या. डॉ. बा. शि. मुंजे आणि नागपुरातील काही प्रतिष्ठित स्त्रिया चिमुरास जाऊन आल्या व त्यांनी तेथील स्त्रियांचे म्हणणे ऐकून घेतले. गव्हर्नर सर हेन्री ट्वायनम यांच्या शासनाने मात्र चौकशीची मागणी मान्य केली नाही. तेव्हा सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये उपोषण आरंभिले. त्याचा प्रारंभ दिल्लीत अणे यांच्या निवासस्थानी झाला. अणे त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. उपोषण ६३ दिवस चालले. त्याच्या बातम्यांवर सरकारने बंधने घातली, म्हणून देशातील वृत्तपत्रांनी ६ जानेवारी १९४३ रोजी हरताळ पाळला. १२ जानेवारीस उपोषण सुटले. निष्पक्ष चौकशीची मुख्य मागणी मान्य झाली नाही, परंतु बातमीवरचे बंधन सैल झाले आणि चिमूरचे नाव देशभर झाले.

येथपर्यंतच्या घटनाक्रमाचे बारकाईने निरीक्षण केल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. चिमूरला जाऊन साक्षी गोळा करणे, शासनाकडे खुलासा मागणे, प्रसिद्धीचा हक्क मिळविणे, ही सर्व कामे कायदेमंडळ चालू असते तर प्रश्नोत्तराच्या तासाला व तहकुबीच्या सूचनेवर झाली असती. सभागृहाच्या अभावी ती वैद्य, प्राध्यापक, गृहिणी आणि पत्रकार यांना करावी लागली. ज्या स्त्रियांनी भगिनी मंडळासारख्या संस्थांतून सार्वजनिक कार्याचा अनुभव घेतला होता, त्या वर्गातूनच या कामाला मनुष्यबळ मिळाले.

५

अनसूयाबाईंच्या कार्याचे सर्वांत कठीण पर्व यानंतर सुरू होते. चिमूर व आष्टी येथील आरोपींवरील खटले १९४२ च्या वटहुकुमान्वये स्थापन झालेल्या विशेष न्यायालयांपुढे चालले आणि अनेकांना फाशीच्या शिक्षा सुनावण्यात आल्या. या विशेष न्यायालयांची वैधताच त्या काळात वादग्रस्त होती. बनवारीलाल शर्मा खटल्यात फेडरल कोर्टाने जून १९४३ मध्ये त्यांचा पाया असलेल्या वटहुकुमातील मुख्य तरतुदी अवैध ठरविल्या. सरकारने ताबडतोब दुसरा वटहुकूम काढून पूर्वीच्या शिक्षा कायम राखल्या, परंतु त्याबरोबर अपिलाची वाट मोकळी करणे त्यास भाग पडले. १९४४ च्या अखेरीस प्रिव्ही कौन्सिलने फेडरल कोर्टाचा निर्णय फिरविला. म्हणजे ज्या न्यायपीठाने मृत्युदंड दिला, ते न्यायपीठच वैध होते की नाही याबद्दल देशातील आणि साम्राज्यातील सर्वोच्च न्यायालयांत एकमत नव्हते, आणि तरीही शिक्षा मात्र उभ्या होत्या. वरिष्ठ न्यायालयांतील प्रयत्नांनंतर अखेर सात जणांच्या गळ्याभोवतीचा फास कायम राहिला.

या सात जणांच्या बाजूने बोलणे सोपे नव्हते. मारले गेलेले अधिकारी व पोलीस हेही याच देशातील माणसे होती. त्यांनाही कुटुंबे होती. दुसरीकडे राष्ट्रसभेचा अहिंसेचा सिद्धांत होता. ज्यांच्या हातून हत्या घडल्याचे न्यायालयाने ठरविले, त्यांना वीर म्हणून गौरवावे तर सिद्धांताला बाध येतो. त्यांना वाऱ्यावर सोडावे, तर ज्या चळवळीच्या नेत्यांना आधीच तुरुंगात टाकून जनतेला नेतृत्वहीन केले गेले होते, त्या चळवळीशीच बेइमानी होते. या पेचातून मार्ग काढण्यासाठी हत्येचे समर्थन करण्याची गरज नव्हती. क्षुब्ध जमावाच्या कृत्याबद्दल काही निवडक माणसांना फासावर देणे, तेही घटनेनंतर जवळजवळ तीन वर्षांनी आणि वादग्रस्त न्यायपीठाच्या निकालावरून, हा न्याय नसून सूड ठरेल, ही भूमिका पुरेशी होती. स्वतः गांधीजींनी १९४५ साली या कैद्यांसाठी जाहीरपणे शब्द टाकला. अहिंसेच्या प्रवर्तकालाही त्यात विसंगती वाटली नाही, हे या भूमिकेचे बळ होय.

अनसूयाबाईंनी हे काम अंगावर घेतले. बचावाच्या कामाला पैसा लागतो, वकील लागतात, प्रत्येक मुदतीवर अर्ज वेळेत पोहोचावा लागतो, आणि मुख्य म्हणजे लोकमत निजू न देण्याची चिकाटी लागते. फाशीची तारीख पुढे ढकलली गेली की लोक सुटकेचा निःश्वास टाकून आपापल्या कामाला लागतात, आणि पुढची तारीख येते तेव्हा पुन्हा सर्वांना एकत्र करावे लागते. सभेत एक भाषण करून हे काम भागत नाही. कायदेमंडळाच्या कामकाजाची ओळख, अधिकाऱ्यांशी समान पातळीवर बोलण्याचा सराव आणि प्रांतभर पसरलेला स्त्री कार्यकर्त्यांचा परिचय, ही अनसूयाबाईंची शिदोरी येथे उपयोगी पडली. उपसभापतिपदाला त्या वेळी कसलीही सत्ता चिकटलेली नव्हती. पण मतदारांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीचा शब्द म्हणून त्यांच्या शब्दाला जे वजन होते, ते त्यांनी सात खेडूत कुटुंबांच्या पदरात टाकले.

१९४५ च्या उन्हाळ्यात राजकीय हवा पालटली. जूनमध्ये राष्ट्रसभेच्या कार्यकारिणीचे सभासद सुटले, सिमल्याची परिषद भरली, जुलैच्या अखेरीस इंग्लंडात मजूर पक्ष अधिकारावर आला आणि ऑगस्टच्या मध्यास युद्ध संपले. त्याच महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या राजवटीत त्या सातही जणांची फाशी रद्द झाली. या निर्णयात बदललेल्या परिस्थितीचा वाटा किती आणि बचावाच्या प्रयत्नांचा किती, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की परिस्थिती पालटेपर्यंत ही सात माणसे जिवंत राहणे हीच मुख्य गोष्ट होती. अर्ज, अपिले, स्थगिती आणि लोकमत यांनी जो काळ मिळवून दिला, तो मिळाला नसता तर सिमला परिषद किंवा मजूर पक्षाचा विजय यांचा त्यांना काहीच उपयोग नव्हता.

६

एप्रिल १९४६ मध्ये नागपुरास पुन्हा लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. १९४८ साली अनसूयाबाई अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. १९५२ साली नागपूरमधून त्या पहिल्या लोकसभेवर निवडून गेल्या. त्याच लोकसभेत १९५५ चा हिंदू विवाह कायदा व १९५६ चा हिंदू वारसा कायदा संमत झाला. १९२८ साली कायदेमंडळात पाऊल टाकणाऱ्या पिढीने ज्या सुधारणांची वाट पाहिली, त्या कायद्याच्या पुस्तकात येताना पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले. राज्यपुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली असूनही १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपण संपले. त्यानंतरच्या १९५७ च्या निवडणुकीतही नागपूरने अनसूयाबाईंनाच पाठविले. दुसऱ्या लोकसभेची मुदत पुरी होण्यापूर्वीच मात्र त्यांचे निधन झाले. पुढे नागपूरची ही जागा लोकनायक अणे यांच्याकडे गेली. भणसाळींच्या उपोषणाचा प्रारंभ ज्यांच्या घरी झाला होता, तेच हे अणे.

चिमुरात १६ ऑगस्टला हुतात्म्यांचे स्मरण केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु लोकस्मृतीचा एक स्वभाव असा, की ती मरण पावलेल्यांची नावे जपते, मरणातून वाचविलेल्यांची सहसा जपत नाही, आणि वाचविणाऱ्यांची त्याहूनही कमी. फाशी झाली असती तर त्या सात जणांचे पुतळे उभे राहिले असते. ते वाचले, म्हणून ते घरी परतले, शेतीला लागले आणि इतिहासाच्या पुस्तकातून बाहेर पडले. अनसूयाबाईंच्या यशाचे स्वरूपच असे होते की त्याचे स्मारक होण्याजोगे काही मागे उरू नये.

यामुळेच त्यांचे स्मरण करताना संशोधकावर विशेष जबाबदारी येते. १९२८ ते १९३० आणि १९३७ ते १९३९ या काळातील त्यांच्या कार्याची नोंद कायदेमंडळाच्या छापील कार्यवृत्तांत पाहता येईल. परंतु १९४२ ते १९४५ या वर्षांचे कार्यवृत्त कोणी लिहून ठेवले नाही, कारण सभागृहच भरत नव्हते. ते न्यायालयांच्या निकालपत्रांत, वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत, शासनाच्या गोपनीय पाक्षिक अहवालांत आणि चिमूर-आष्टीच्या घराघरांतील आठवणींत विखुरलेले आहे. नागपूर-विदर्भाच्या संसदीय इतिहासाचे लेखन करताना या साडेसहा वर्षांचे पान कोरे सोडण्याची पद्धत आहे. अनसूयाबाई काळे यांचे चरित्र त्या कोऱ्या पानावरच अधिक ठळकपणे लिहिलेले आहे. ते वाचून काढण्याचे काम नव्या पिढीतील विद्यार्थ्यांनी हाती घेतल्यास, लोकप्रतिनिधित्वाचा अधिकार सभागृहाच्या छताखाली सुरू होत असला तरी त्याचे कर्तव्य तेथे संपत नाही, याची साधार साक्ष या प्रांताच्या इतिहासातूनच उपलब्ध होईल.